वंदना कोण घेणार

आमच्या विहाराच्या सचिवांनी तो काळा, डब्यासारखा स्पीकर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काकू, हा तुमच्या पिशवीत ठेवा. बसमध्ये कोणी आपटला तर कामातून जाईल." मी ठेवला. ठेवताना माझ्या मनात काय चाललं होतं ते त्यांना कळलं असतं, तर त्यांनी तो जन्मात माझ्याकडे दिला नसता.

थंडी पडली की आमच्या वस्तीतली माणसं एका रविवारी बस करून मनसरला जातात. कामठी रोडवरची वस्ती आमची. कामठी गेलं, कन्हान गेलं, की जबलपूरच्या रस्त्यावर थोड्या वेळात मनसर. तिथे तळ्याकाठच्या टेकडीवर जुन्या विटांचे अवशेष आहेत. खोल्यांचे पाये, कुठे गुडघ्याएवढ्या तर कुठे कंबरेएवढ्या भिंती, आणि अगदी वर मोठा चौथरा. तिथे भिक्खूंचा विहार होता की कुण्या राजाचा महाल होता, यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. भांडोत बापडी. आमच्या लोकांनी ते कधीच ठरवून टाकलेलं आहे. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे घालून आम्ही वर जातो, चौथऱ्यावर फुलं ठेवतो, सगळे मिळून वंदना घेतो आणि खाली येऊन झाडाखाली डबे सोडतो.

त्या चौथऱ्यावर पुढे उभं राहून वंदना घ्यायचे ते माझे मिस्टर. माझं लग्न झालं तेव्हाही तेच घेत होते. वस्तीतल्या विहारातही तेच, आणि कोणाच्या घरी बारसं असो की मयतीनंतरचं पुण्यानुमोदन, तिथेही तेच. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात त्यांनी जन्म काढला. दिवसभर थान उलगडायचे आणि गल्लीच्या टोकाला उभ्या गिऱ्हाइकाला इथून भाव सांगायचे. त्यामुळे आवाज असा की विहाराला माइकची गरज पडली नाही. आणि वंदना मिळाली होती बापाकडून. माझे सासरे छप्पन सालच्या धम्मदीक्षेला गेलेले. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. कोणीतरी म्हणायचं, ते मागून म्हणायचे, असं करून करून त्यांनी सगळं पाठ केलं आणि पोराला तसंच दिलं.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दाढी करता करता हातातलं ब्लेड खाली पडलं आणि उचलायला वाकले ते तिथेच बसले. दवाखान्यात नेलं, जीव वाचला. पाय बऱ्यापैकी परत आला, हात अर्धामुर्धा आला. वाचा मात्र गेली ती गेली. म्हणजे मुके नाही झाले. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण तोंडात यायच्या वेळी भलताच शब्द यायचा. चहा पाहिजे असला की "छत्री, छत्री" करायचे. मग स्वतःलाच ऐकू यायचं की आपण भलतं बोलून राहिलो, आणि कपाळावर डावा हात मारून घ्यायचे. शिव्या मात्र साफ यायच्या. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी म्हटलं, वा रे वा, जे जायला पाहिजे होतं ते राहिलं.

हसत होते मी, पण आतून पार हादरले होते. आमच्या घरात चारचौघांत बोलणारा माणूस मी नाही, ते. मी भांडणारी.

जरा बरं वाटलं तसं एका पौर्णिमेला मी त्यांना विहारात घेऊन गेले. सवयीने ते पुढे जाऊन उभे राहिले. डाव्या हाताने उजवा हात धरून जोडला. पहिली ओळ आली. दुसरीला अडकले. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि शब्दच नाही. मागे लहान पोरं खुसखुसायला लागली. तेव्हा सचिव उठले. माणूस वाईट नाही, ह्यांच्या मांडीवर खेळलेला आहे. फार मायेने म्हणाले, "राहू द्या काका. आराम करा." आणि खिशातला मोबाइल काढून त्यावर कोणाची तरी वंदना लावली. सगळे त्या मोबाइलच्या मागून म्हणायला लागले.

मला तिथेच उठून बोंब मारावीशी वाटली. कोणी हिणवलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण मायेने बोलणाऱ्याचं काय करता? त्या दिवसापासून ह्यांनी लोकांसमोर तोंड उघडणं बंद केलं. साधं हो-नाही सुद्धा नाही. दारात कोणी आलं की उठून आतल्या खोलीत. पुढच्या पौर्णिमेपर्यंत विहाराच्या मंडळाने वर्गणी काढून वंदना वाजवायला तो स्पीकर आणला आणि ह्यांच्या जागेवर, स्टुलावर, रुमाल अंथरून ठेवला. मी दर वेळी त्याच्याकडे असं बघायची की त्याला हातपाय असते तर तो पळून गेला असता.

ह्यांना बोलायला शिकवायला एक मॅडम होत्या. सीताबर्डीला त्यांच्याकडे आम्ही मेट्रोने जायचो. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पाठ असलेलं आधी परत येतं. आकडे, वार, प्रार्थना, गाणी. दुसरी म्हणजे, "ते अडकले की तुम्ही शब्द पुरवू नका. कितीही वेळ लागू द्या." पहिली गोष्ट ऐकून मला आनंद झाला. दुसरी ऐकून घाम फुटला. समोरचा माणूस शब्द शोधत असताना गप्प बसायचं? माझ्या तोंडाला हे कसं जमणार? कणीक मळायला बसले की मी कणकेशी बोलते.

एका सकाळी न्हाणीघराच्या बाहेर उभी होते. आत नळ धो धो चालू होता. बादली भरून वाहून राहिली, तरी हे नळ बंद करत नव्हते. मी दारावर थाप मारणार, तेवढ्यात पाण्याच्या आवाजाखालून मला ते ऐकू आलं. वंदना. हळू, अडखळत, थांबत थांबत, पण चालली होती. मी श्वास रोखून उभी राहिले. पाणी वाया जाऊन राहिलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी दाराच्या कडीला हात लावला, तसा आवाज बंद.

बस्स. त्या दिवशी मी ठरवलं. यंदा मनसरच्या चौथऱ्यावर वंदना हेच घेतील. कारण मला पक्कं माहीत होतं, यंदा जर तो डब्बा टेकडीवर चढला, तर पुढच्या वर्षी कोणी विचारणारही नाही की काका येऊन राहिले का. आणि हे न्हाणीघरातच राहतील जन्मभर.

आधी पायाची तयारी. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट आहे, सरकता जिना आहे. मी त्यांना साध्या जिन्यावरून न्यायला लागले. रोज सकाळी, तिकीट काढायचं नाही, कुठे जायचं नाही, नुसतं चढायचं आणि उतरायचं. तिथल्या सिक्युरिटीवाल्या पोरीने एक दिवस विचारलंच, "आजी, लिफ्ट हाय ना, काहून तरास देता आजोबाले?" मी म्हटलं, "माहा नवरा आहे, मी देईन तरास." ह्यांनी कठडा धरून तिच्याकडे असं बघितलं, जसं काही म्हणत होते की बघ बाई, कसे दिवस आहेत माझे.

सहलीच्या आदल्या दिवशी ते अडून बसले. सदरा इस्त्री करून पलंगावर ठेवला तर त्यांनी तो उचलून खुर्चीवर टाकला. मान हलवली. "नाही." हा शब्द बरोबर आला, बघा. मी शांतपणे सांगितलं, "तुमी नाही आले तर मीही जात नाही. उद्या पूर्ण दिवस तुमच्यासमोर बसते आणि बोलते." त्यांनी खुर्चीवरचा सदरा उचलून परत पलंगावर ठेवला.

बसमध्ये आमच्या मागे शेजारची मावशी बसली होती. मावशी म्हणजे आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई. लुगडं अजून नऊवारी, तेही पांढरं. मनसर आलं, लोक उतरायला लागले, तसा मी पिशवीतून स्पीकर काढला आणि पायाने सीटखाली पार आत ढकलला.

"काय लपवून राहिली वं?" मावशीने विचारलं.

"काही नाही मावशी. ओझं होऊन राहिलं."

तिने वाकून सीटखाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि लुगडं सावरत उतरली. बस आम्हाला सोडून हायवेवरच्या ढाब्याकडे गेली. तिथे ड्रायव्हर चहा पिऊन झोप काढतो, हे मला मागच्या सगळ्या वर्षांचं माहीत होतं.

खाली चौकीदाराने पिशव्या बघितल्या. मेणबत्ती, अगरबत्ती वर न्यायची नाही, विटा काळ्या होतात. फुलं चालतील. दर वर्षी तो हेच सांगतो आणि दर वर्षी आमच्यातलं कोणीतरी मेणबत्तीचा पुडा नेतंच, तो त्याच्या टेबलावर जमा होतो. आम्ही चढायला लागलो. बाकी लोक पुढे गेले. हे काठी टेकत, एक पाऊल ठेवायचं, दुसरं त्याच्या शेजारी आणायचं, असे. मी मागे. पडले तर अंगावर घ्यायचे, असा हिशोब. दोघंही गडगडलो असतो, पण तेव्हा तसं वाटलं नाही.

अर्ध्यावर ते एका खोलीच्या भिंतीवर टेकले. खोली म्हणजे काय, एक माणूस हातपाय पसरून झोपेल एवढीच जागा. आता छप्पर नाही, दार नाही, मधोमध गवत. विटा मात्र केवढ्या रुंद! ह्यांनी डावा तळवा एका विटेवर ठेवला, उन्हाने ती कोमट झाली होती. मी तिथे उभी राहून विचार करत होते की इथे पुस्तकं तरी किती असतील. एक जण सांगत असेल, दुसरा मागून म्हणत असेल. रोज, पहाटे, अशा थंडीत. आणि त्यांच्यात एक सोय होती, मागे उभी राहून शब्द पुरवायला कोणाची बायको नव्हती. हे मी मोठ्याने बोलले. ह्यांनी तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं आणि काठी उचलली.

वर पोचलो तेव्हा सगळे चौथऱ्यावर रांगा करून उभे होते. वारा चांगलाच सुटला होता, साड्यांचे पदर फडफडत होते, खाली तळं चमकत होतं. फुलं ठेवून झाली होती. सचिव माझ्याकडे आले.

"काकू, स्पीकर?"

"बसमध्ये राहिला."

"राहिला?"

"म्हणजे ठेवला मी."

त्यांनी डोक्याला हात लावला. मग मोबाइल काढला, त्यावर वंदना लावली आणि हात उंच करून धरला. पण त्या वाऱ्यात पहिल्या रांगेलाही काही कळेना. मोबाइल आपला डासासारखा गुणगुणत राहिला.

मी म्हटलं, "घेणारा माणूस इथं उभा आहे ना गा. डब्बा कायले पाहिजे?"

सचिवांनी मला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात म्हणाले, "काकू, असं नोका करू. मागच्या वेळी काय झालं, पाह्यलं ना तुमी? लोकांसमोर काकांची फजिती होते. मले पाहवत नाही."

"तुम्हाला पाहवत नाही तर डोळे मिटा. वंदनेला तसेही मिटतोच."

माझा आवाज चढला होता. सगळ्या रांगा ऐकत होत्या. आणि तेवढ्यात हे बोलले. माझ्याकडे बघून एक सणसणीत शिवी हासडली. भर चौथऱ्यावर, फुलांसमोर, पांढऱ्या सदऱ्यात. माझे कान तापले. पहिल्या रांगेतून मावशी शांतपणे म्हणाली, "आवाज तर आला बाप्पा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. ह्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं, आता हे काठी टेकत खाली जाणार आणि घरी गेल्यावर माझ्याशी बोलणार नाहीत, शिवीसुद्धा देणार नाहीत. पण त्यांनी काठी माझ्या हातात दिली. कोणाकडे न बघता पुढे गेले, फुलांसमोर उभे राहिले. डाव्या हाताने उजवा हात धरला आणि जोडला.

आता वंदना न घेतलेल्या माणसासाठी सांगते. घेणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मग बाकी सगळे तीच ओळ, त्याच चालीत, त्याच्या मागून म्हणतात. आपलं डोकं चालवायचं नाही. त्याने जे म्हटलं तेच म्हणायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते अशीच ती शिकले, आणि आता सगळ्यांना वाचता येतं तरी रीत तीच आहे. सुरुवातीला बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो ते तीनदा म्हणायचं असतं. एकदा साधं. मग प्रत्येक ओळीआधी "दुतियम्पि" लावून, म्हणजे दुसऱ्यांदा. मग "ततियम्पि" लावून, म्हणजे तिसऱ्यांदा. की मग पुढे पंचशील.

त्यांनी सुरुवात केली. आवाज पहिल्यासारखा नव्हता. घोगरा होता, कडेला फाटलेला. पण आला! एक ओळ आली, आम्ही मागून म्हटली. दुसरी आली. पौर्णिमेला जिथे अडकले ती जागा पार झाली आणि मी डोळे उघडून सचिवांकडे बघितलं. बघा म्हटलं, बघा. पहिली फेरी झाली. दुतियम्पि सुरू झालं, तेही पुरं झालं. आता ततियम्पि.

"दुतियम्पि," ते म्हणाले.

लोकांनी मागून म्हटलं, "दुतियम्पि."

ती फेरी परत पुरी झाली आणि परत दुतियम्पि आलं. गाडीचं चाक चिखलात फिरतं तसे ते तिथल्या तिथे फिरायला लागले. मॅडमनी सांगितलं होतं, असं होतं, एका शब्दावर माणूस अडकून राहतो. लोक मागून म्हणत होते. मुकाट, हात जोडून, जेवढ्या वेळा ते म्हणाले तेवढ्या वेळा. पोरंसुद्धा. ततियम्पि माझ्या जिभेवर येऊन उभं होतं. नुसतं "त" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. खरंच धरला. देवाशपथ म्हणायची आमच्यात रीत नाही, पण त्याच्या खालचं जे काही असेल त्याची शपथ, एवढं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही.

मग ते थांबले.

त्यांना कळलं होतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, मला मागून दिसत होत्या. खांदे वर गेले. सचिव एक पाऊल पुढे आले आणि मी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. सोडली नाही. कोणीही काही बोलू नये, कोणीही नाही, एवढंच मला पाहिजे होतं. मी तर नाहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग ह्यांनी, फुलांकडे बघत, हात तसेच जोडलेले, स्वच्छ म्हटलं, "चुकलं माह्यं. पयलेपासून घेतो."

आणि सगळ्या चौथऱ्याने, डोळे मिटून, एका सुरात, वंदनेच्या चालीत लांबवत मागून म्हटलं, "चुकलं माह्यं... पयलेपासून घेतो..."

सचिवांनी पण म्हटलं. मावशीने सगळ्यात जोरात म्हटलं.

हे गर्रकन वळले. लोकांकडे बघत राहिले. लोकांचे डोळे एक एक करत उघडले आणि आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात यायला लागलं. सगळ्यात आधी हसले ते हेच. अर्धं तोंड वर, अर्धं खाली, पोट धरून, दुकानात हसायचे तसे खदखदून. मग सगळी टेकडी हसली. मावशी तेवढी चिडली. "काहून हसून राहिले रे? वंदना चालू हाय ना!"

तेव्हा कुठे सगळे गप्प झाले. ह्यांनी परत हात जोडले आणि पहिल्यापासून घेतलं. साधं झालं. दुतियम्पि झालं. मग मोठी जागा सुटली, आणि मग ततियम्पि आलं. ते मागून मला म्हणता आलं नाही, मी ढसाढसा रडत होते. माझ्या वाटचं बाकीच्यांनी म्हटलं.